सत्तावीस नंबरचा हात

यंत्रानं ठामपणे सांगितलं, की एप्रिल १९४४मध्ये आसामातल्या एका टेकडीवरून तीन दिवस अखंड संदेश पाठवणारी व्यक्ती म्हणजे रेणुका हणमंत जगदाळे. खात्री, त्र्याण्णव टक्के.

रेणुकाचा जन्म २००४चा. ती पडद्यासमोरच बसली होती, पुण्यातल्या प्रयोगशाळेत, हातात अर्धवट खाल्लेला पेरू धरून. शेजारी बसलेल्या इम्रान तांबोळीनं मान पुढं काढून निकाल वाचला आणि म्हणाला, "वयाच्या मानानं बरी दिसतेस की."

दोघं पोट धरून हसले. हसता हसता रेणुका मध्येच थांबली. यंत्र चुकलं नव्हतं, त्याला जवळचा हात सापडला होता. नमुन्यांच्या साठ्यात तिचा स्वतःचा हात होता, कारण अख्ख्या प्रयोगशाळेत मोर्स येणारी ती एकटीच. आणि आसामातल्या त्या टेकडीवर कळेपाशी बसलेला माणूस होता तिचा सख्खा पणजोबा, हवालदार रावजी जगदाळे.

आता हे यंत्र काय भानगड आहे ते सांगायला हवं. मोर्स म्हणजे टिंबं आणि रेघा. कळ जरा दाबली की टिंब, जास्त वेळ दाबली की रेघ. पुस्तकात लिहिलंय की रेघ टिंबाच्या बरोबर तिप्पट असावी. पण माणसाचं मनगट कुठं पुस्तक वाचतं? कुणाची रेघ लांबते, कुणाचं टिंब घाईत गिळलं जातं, कुणी अक्षराअक्षरात रेंगाळतो. एकदा बसलेली ही लय लहान मेंदूत घट्ट मुरते आणि मरेपर्यंत जात नाही. जुन्या लढायांत शत्रूची बिनतारी ऐकणारे लोक नुसत्या लयीवरून ओळखायचे, की आज अमका माणूस बसलाय आणि तमका रजेवर गेलाय. त्या लयीला ते 'हात' म्हणायचे. रेणुकानं आणि इम्राननं सहा वर्षं खपून जे यंत्र केलं त्याचं नावही त्यांनी साधंच ठेवलं, 'हातओळख'.

त्या काळी मोठ्या ठाण्यांवर आलेला संदेश कागदी फितीवर उतरत असे. शाईची सुई, तिकडं कळ दाबली की इकडं रेघ वर उचलायची, सोडली की खाली. अशा फितींची हजारो रिळं गोदामांत पडून होती. हातओळख त्या फितींचे फोटो घेऊन प्रत्येक चढउतार सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची. फीत ओढणाऱ्या चाकांचे दातेही मापात गडबड करत. पण ती गडबड ठरावीक अंतरानं येत असल्यामुळं यंत्र तिला गव्हातल्या खड्यासारखी वेचून बाजूला काढायचं. उरायची ती निव्वळ माणसाची सवय.

रेणुकानं पेरू टाकून दिला आणि घरी फोन लावला.

सातारा जिल्ह्यातलं निंबळवाडी हे फौजी गाव. घरटी एक माणूस पलटणीत. खंडेनवमीला घरोघरी तलवारी, भाले पाटावर मांडून पूजा होते, आणि जगदाळ्यांच्या पाटावर तलवारीशेजारी पितळेची मोर्सची कळ असते. रावजीबाबांची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. शत्रू सरहद्द ओलांडून आला, चहाच्या मळ्यातलं छोटं संदेशठाणं सोडून सगळ्यांनी निघावं असा हुकूम सुटला, पण एकवीस वर्षांचा रावजी हलला नाही. शत्रू कुठून सरकतोय ते टेकडीवरून बघून नकाशावरचे आकडे तो तीन दिवस पाठवत राहिला. त्या आकड्यांच्या भरवशावर दोन हजार माणसं आणि एक अख्खं इस्पितळ योग्य वाटेनं वळलं आणि वाचलं. पुढं रावजीला शौर्यपदक मिळालं.

रेणुकाचे वडील हणमंतराव, म्हणजे आबा, निवृत्त सुभेदार. सगळी नोकरी संदेशवहनात. उपग्रह आंधळे करायची युक्ती सगळ्यांनाच जमू लागल्यापासून मोर्सला पुन्हा भाव आला होता आणि फौज पुन्हा कळेवरची माणसं शोधत होती. आबांनी डोक्यात घेतलं, की गावात पोरापोरींसाठी संदेशवहन केंद्र काढायचं. नऊ वर्षं त्यांनी उंबरठे झिजवले, स्वतःच्या रानातला तुकडा दिला, आणि येत्या खंडेनवमीला 'हवालदार रावजी जगदाळे संदेशवहन केंद्रा'चं उद्घाटन ठरलं. लेकीकडं त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. त्या दिवशी सभागृहात बाबांचा हात वाजला पाहिजे, अगदी त्यांनी वाजवला तसा.

म्हणून तर फीत यंत्रात गेली होती.

"म्हणजे बाबांचा हात तुझ्यात उतरला म्हण की," आबा फोनवर म्हणाले. रक्त आहे शेवटी, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. रेणुकानं समजावलं की हात रक्तातून येत नाही, शिकवणाऱ्याकडून येतो. रावजीबाबांनी आबांना शिकवलं, आबांनी तिला, गाण्यातलं घराणं चालतं तसं. आबांना त्या तपशिलाशी काही देणंघेणं नव्हतं. तासाभरात बातमी सगळ्या वाडीत झाली, आणि संध्याकाळपर्यंत सरपंचांनी उद्घाटनाच्या पत्रिकेत रेणुकाचं नाव प्रमुख पाहुण्यांच्या वर घातलं.

ती तर हवेतच होती. पण शास्त्रज्ञाला नुसता आनंद पुरत नाही, पुरावा लागतो. रावजीबाबांच्या हाताचा दुसरा, निर्विवाद नमुना हवा होता. तोही मिळण्यासारखा होता. बेचाळीस साली भरती झालेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाची परीक्षा फितीवर घेतलेली असे, नाव-नंबरासकट. गोदामवाल्यांनी आठवड्यात त्या पेटीचे फोटो धाडले. रेणुकानं शिकाऊ रावजी जगदाळेची फीत यंत्राला दिली आणि टेबलावर बोटं वाजवत बसली.

जुळणी, नऊ टक्के.

तिला वाटलं, फीत बदलली असेल. पुन्हा लावली. नऊ. इम्राननं चाकांच्या दात्यांचं माप हातानं तपासलं. नऊच. परीक्षेतला रावजी घाईचा माणूस होता. टिंबं गिळायचा, शब्द एकमेकांवर चढवायचा. परीक्षकानं फितीच्या टोकाला लाल पेन्सिलीनं 'सावकाश' असं दोनदा लिहिलं होतं. टेकडीवरचा हात मात्र कसा होता? शांत, भरदार, अक्षराची शेवटची रेघ किंचित ओढलेली, आणि प्रत्येक आकड्याआधी एवढासा थांबा. तो थांबा रेणुकाच्या ओळखीचा होता. लहानपणी आबा तिच्या पाठीशी उभे राहून सांगायचे, "आकड्याआधी दम घे, पोरी. अक्षर चुकलं तर शब्द कळतो. आकडा चुकला तर माणसं मरतात."

"दोन वर्षांत हात बदलला असेल," इम्रान म्हणाला.

"नाही बदलत. आपणच तर सिद्ध केलंय ते."

मग टेकडीवर होतं कोण? ठाण्याच्या नोंदवहीत तर एकच नाव, रावजीचं. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पाठवणाऱ्यानं आपली दोन अक्षरी खूण ठोकायची असा नियम होता, आणि तीनही दिवस खूण रावजीचीच होती. इम्रानला एक कल्पना सुचली. गोदामवाल्यांनी पेटीचे फोटो काढताना तिच्या तळाशी निळ्या दोऱ्यानं बांधलेली रिळंही सरसकट टिपली होती, जी कुणी मागितलीच नव्हती. तीही यंत्रात घालून बघू, म्हणाला.

निळ्या दोऱ्यातली एक्केचाळीस रिळं बायकांची होती.

हा इतिहास रेणुकाला अर्धामुर्धा ठाऊक होता. बेचाळीस साली बायकांचं सहाय्यक दल उभं राहिलं, बघता बघता दहा-अकरा हजार बायका खाकीत आल्या. टंकलेखन, टेलिफोन, बिनतारी, नकाशे, गोदामं, सगळं त्यांनी सांभाळलं. युद्ध संपलं, दल मोडलं, आणि बायका घरोघरी पांगल्या. त्यानंतर दवाखाना सोडून फौजेत अधिकारी म्हणून पाऊल टाकायला बाईला १९९२ उजाडावं लागलं. मधल्या साडेचार दशकांत लोक विसरूनही गेले, की हे एकदा होऊन गेलं होतं.

यंत्र एकेक रीळ गिळत गेलं. पाच टक्के. बारा टक्के. सात. आणि सत्तावीस नंबरच्या रिळावर पडद्याची पट्टी हिरवी झाली ती सत्त्याण्णववर जाऊन थांबली. फितीच्या टोकाला नाव होतं, 'ए. मकासरे, नगर'. लाल पेन्सिलीनं परीक्षकानं एकच शब्द लिहिला होता, 'उत्तम'.

रेणुका खुर्चीवरून उठून उभी राहिली. खोटं कशाला बोला, तिला आनंदच झाला होता. एक माणूस, नव्वद-पंचाण्णव वर्षं कुणालाच माहीत नसलेला, समोर येऊन उभा राहिला होता, आणि तो तिच्या यंत्रानं शोधला होता. पुढच्या दोन दिवसांत तिनं जुन्या दप्तरखान्यातून एस्तेर मकासरे हिचं सेवापत्रक काढलं. आसामातलं तेच ठाणं. हुकूम आला त्या दिवशी बायकांचा ट्रक निघाला, यादीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण. पण पुढच्या छावणीत ती उतरलीच नाही. चौथ्या दिवशी पायी पोचली. पत्रकात शेरा होता, 'तीन दिवस विनापरवाना गैरहजर. समाधानकारक खुलासा नाही. सेवेतून कमी.'

तेच तीन दिवस. एकाला पदक, दुसरीला गैरहजेरी.

तेव्हा कुठं रेणुकाला आठवलं, की आठ दिवसांवर खंडेनवमी आली आहे आणि आबांनी केंद्रावर नावाची पाटीसुद्धा चढवली आहे.

तिनं फोन केला नाही. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निंबळवाडीला गेली. आबा सभागृहात भिंतीवर रावजीबाबांचा फोटो सरळ लागलाय का ते लांबून बघत होते. तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि एकेक कागद समोर ठेवला. आबा शिस्तीचे गृहस्थ, मध्ये बोलले नाहीत. शेवटचा कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"माझ्या आज्याला चोर ठरवायला सहा वर्षं शिकलीस?"

ती म्हणाली, मी कुणालाच चोर ठरवत नाही, मी फक्त हात कुणाचा ते सांगतेय. आबा उसळले. यंत्राचं काय खरं, दहा-बारा दिवसांपूर्वी तेच यंत्र तुझं नाव घेत होतं. सरपंचांना कळलं तर ते तोंडात मारतील. नऊ वर्षं मी कुणाच्या नावानं लोकांपुढं हात पसरले? हे सगळं बोलून झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, की ही गोष्ट तुला, मला आणि त्या तांबोळ्याला सोडून कुणाला ठाऊक आहे? नसेल तर राहू दे ना तशीच, नव्वद वर्षं राहिली तशी.

रेणुकाला वाटलं होतं त्याहून ते वाक्य जास्त लागलं. कारण क्षणभर तिलाही तेच हवं होतं. बापाचं पांढरं डोकं, नवीन रंगाचा वास, दारात शिकायला येणाऱ्या पोरींच्या सायकली. गप्प बसायला काय लागतं? काहीच नाही.

तिनं पिशवीतून सरावाची कळ काढली, यंत्राला जोडली आणि आबांपुढं सरकवली. म्हणाली, फक्त एवढं करा. एक संदेश वाजवा, आकड्यांचा.

आबांनी रागारागानं वाजवला. पण राग डोक्यात होता, मनगटात नव्हता. पट्टी हिरवी झाली. सत्तावीस नंबर, पंच्याण्णव टक्के. खाली रावजी जगदाळे, अकरा टक्के.

"तुम्हाला शिकवलं कुणी, आबा?"

"बाबांनी. दुसऱ्या कुणी?"

"मग बाबांचा हात तुमच्यात का नाही?"

आबांनी कळेवरून बोट फिरवलं. मग बोलू लागले ते स्वतःशीच बोलल्यासारखं. ते सात वर्षांचे असताना रावजीबाबांनी त्यांना पाटावर बसवून शिकवायला सुरुवात केली होती. आकड्याआधी दम घेतला नाही की बोटावर पट्टी बसायची. शेवटची रेघ ओढ, अजून ओढ, घाई करू नकोस. हजार वेळा तेच. पण बाबा एकटे ओसरीवर बसले की खांबावर बोटं वाजवायचे ती कशी तडतड, लाह्या फुटाव्यात तशी. एकदा छोट्या हणमंतानं विचारलं होतं, की तुम्ही स्वतः असं वाजवत नाही आणि मला का मारता? तेव्हा बाबा म्हणाले होते, "माझा हात कच्चा आहे रे. तू चांगल्या माणसाचा शीक." पोराला वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय.

आबांनी कळ बाजूला सारली आणि उठून घरी गेले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. रेणुका थांबली. तिनं समजावलं नाही, रडली नाही, फक्त जेवायला हाक मारत राहिली. बापाला ती ओळखून होती. दामटलेलं घोडं उलटं जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा दाढी करून, इस्त्रीचा कोट घालून अंगणात आले. छातीवर एकही पदक नव्हतं. कोटाचा उजवा खिसा मात्र जड दिसत होता.

"त्या बाईचं कुणी आहे का मागं?"

होतं. एस्तेरबाईंची मुलगी कमलिनी आढाव, वय वर्षं चौऱ्याऐंशी, नगरला राहत होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रेणुकानं पत्ता आधीच काढून ठेवला होता, फक्त विचारायची वाट बघत होती.

गाडी आपली आपण चालत होती. आबांचा असल्या गाड्यांवर विश्वास नव्हता, म्हणून ते पुढच्या सीटवर बसून सगळा रस्ता पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होते. वाटेत इम्रानचा फोन आला. त्यानं निळ्या दोऱ्यातले एक्केचाळीस हात युद्धाच्या सगळ्या रिळांवर लावून बघितले होते, आणि त्याचा आवाज उत्साहानं चिरकत होता. पुरुषांच्या खुणेखाली गेलेल्या तीनशे बारा संदेशांत बायकांचे हात सापडले होते. एक बंदरात, एक विमानतळावर, एक सरहद्दीवरच्या इस्पितळात. रात्रपाळीचा माणूस आजारी पडला, बदली आली नाही, बाई बसली, आणि खूण ठोकली त्याची, कारण तिच्या खुणेचा संदेश पलीकडचं ठाणं घेईना. कामाची पद्धतच तशी पडली होती. इम्रान म्हणाला, उद्या-परवा आपल्याला किती घरांत फोन करावे लागणार आहेत याची कल्पना आहे का? कुणी नाचेल, कुणी शिव्या घालेल.

आबांनी फोन रेणुकाच्या हातातून घेतला. त्या सगळ्या पोरींची नावं लिहून ठेवा, म्हणाले. एकही गाळू नका. मग त्यांनी सरपंचांना फोन लावून पाटी उतरवायला सांगितली. तिकडून बरीच आरडाओरड ऐकू आली. आबांनी शांतपणे सांगितलं, की जागा माझी आहे, आजा माझा आहे आणि लाजही माझीच आहे, तुम्ही फक्त शिडी लावा. रेणुका खिडकीबाहेर बघत बसली, कारण तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं आणि कुठलंच त्यांना दाखवायचं नव्हतं.

कमलिनीबाईंचं घर दोन खोल्यांचं, नेटकं. भिंतीवर क्रूस, खाली पुस्तकांचं कपाट. रेणुकानं निघताना फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या आईच्या नोकरीबद्दल बोलायचंय. बाईंनी चहा ठेवला, बशीत नानकटाई काढली आणि आबांना बस म्हणाल्या, शाळेतल्या मुलाला म्हणावं तसं.

त्यांना फारसं काही माहीत नव्हतं. आई बायकांच्या पलटणीत होती, खाकी साडी नेसायची, एवढं. परत आल्यावर वस्तीतले लोक वाईटसाईट बोलले. सोल्जरांत राहून आलेली बाई, तिला कामावरून काढलं म्हणजे काहीतरी असणारच. म्हणून आईनं तो विषयच मिटवला. लग्न झालं, मुलं झाली, मिशनच्या शाळेत शिवण शिकवत ती म्हातारी झाली आणि २००१ साली गेली.

आबा उठून उभे राहिले. ही गोष्ट बसून बोलायची नव्हती. त्यांनी खिशातून पदक काढून नानकटाईच्या बशीशेजारी ठेवलं.

"हे तुमच्या आईचं आहे, बाई. माझ्या आज्यानं घेतलं. आम्ही त्र्याण्णव वर्षं वापरलं. मी माफी मागायला आलोय."

मग रेणुकानं सगळं सांगितलं. फिती, हात, ट्रक, गैरहजेरी. तो शेरा खोडून काढण्यासाठी अर्ज केलाय, आणि जोवर तो खोडला जात नाही तोवर मी त्या लोकांना झोपू देणार नाही, हेही सांगितलं. येत्या खंडेनवमीला उघडणाऱ्या केंद्राला एस्तेर मकासरे हे नाव द्यायचंय, तुमची परवानगी हवी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पदकाला त्यांनी हात लावला नाही.

"मला एक सांगा," त्या आबांकडं बघत म्हणाल्या. "त्या ठाण्यावर एका मुलाला ताप होता?"

आबांना कळेना. बाई सांगू लागल्या. आई युद्धाबद्दल एकच गोष्ट बोलायची, आणि तीही शेवटच्या आजारपणात, भान जायला लागल्यावर. ट्रक सुटला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मलेरियानं फणफणलेला एक पोरगा आतच राहिलाय. पाळी त्याची होती म्हणून सगळे धरून चालले की तो मागच्या तुकडीबरोबर येईल. ती वळणावर उडी मारून माघारी गेली. तो बेशुद्ध. कळ वाजत होती, पलीकडून कुणीतरी विचारत होतं, आहे का कुणी, आहे का कुणी. तिनं त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि कळेवर बसली. तीन दिवस एक हात पट्टीवर, एक हात कळेवर; मध्येच शुद्धीवर आला की तो पडल्या पडल्या तिची कळ ऐकत राहायचा. चौथ्या दिवशी आपली माणसं आली, पोराला स्ट्रेचरवर घालून घेऊन गेली, आणि ती चालत निघाली. त्याच्याबद्दल बोललं तर त्याला पाळी सोडल्याची शिक्षा होईल, म्हणून छावणीत तिनं तोंड उघडलं नाही.

"मरेपर्यंत विचारायची," बाई म्हणाल्या. "कमल, तो पोरगा जगला असेल का गं? मला काय माहीत? मी म्हणायचे, जगला असेल, आई. पण तिला ते खरं वाटायचं नाही. पदकाचं मी काय करू? तुम्हाला ठाऊक असेल तर तेवढं सांगा. जगला का तो?"

आबा खुर्चीवर बसले. एवढा मोठा फौजी गडी, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्यानं त्या पुसल्याही नाहीत.

"जगला, बाई. चांगला बहात्तर वर्षांचा होऊन गेला. लगीन झालं. चार पोरं झाली, अकरा नातवंडं. मी त्यातलाच एक."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानं त्या उठल्या, कपाटातून वही आणि पेन घेऊन आल्या, चष्मा नीट केला आणि कोरं पान उघडलं.

"सगळ्यांची नावं सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश, एकेक. उद्या कबरीवर जाऊन तिला वाचून दाखवते."

आबांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि थोरल्या चुलत्यापासून सुरुवात केली. यशवंत. त्याची मुलं, दत्ताजी, शालन, विलास. मग दुसरा, मग तिसरी, कोण कुठं असतं, कुणाला किती मुलं. बाई प्रत्येक नाव पुन्हा उच्चारून लिहीत होत्या. पान भरलं, त्यांनी उलटलं. चहा केव्हाच निवला होता. चाळीस-पंचेचाळीस नावं झाली तेव्हा आबांनी शेजारी बसलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि ही," ते म्हणाले. "रेणुका."